'मंडळी' ग्रुप: दादा-वहिनींचा शुक्रवार अजून संपलेला नाही

शनिवार

७:०५ ताई: दादाचा कोणाला काही निरोप? काल रात्री ११ ला 'ऑकलंड एअरपोर्टवर आहोत, निघतोय' एवढं टाकलं, त्यानंतर काही नाही.

७:०६ ताई: वहिनीच्या मेसेजलाही एकच टिक.

७:११ अण्णा काका: निघण्यापूर्वी सर्वानुमते ठरले होते. कुठेही असलात तरी रोज एक शब्द टाकायचा, 'पोचलो'. फोटो नकोत, वर्णन नको.

७:१४ मावशी: सुप्रभात मंडळी 🌹🌹

७:१५ ताई: मावशी, वर काय चाललंय ते वाच ना आधी.

७:१९ मावशी: वाचलं ग. चार्जिंग संपलं असेल. मागे इस्तंबूलला आपण इथे जीव टांगणीला लावून बसलो होतो आणि हे दोघं भलत्याच विमानतळावर!

७:२२ भाऊजी: तिथे मोठे विमानतळ दोन. एक युरोपच्या बाजूला, दुसरा सबिहा गोकचेन, आशियाच्या बाजूला. तिकिटावर सबिहा गोकचेन स्वच्छ लिहिलेलं. हे गेले पहिल्याला. मध्ये बॉस्फरसची सामुद्रधुनी, त्यात संध्याकाळचं ट्रॅफिक.

७:२३ भाऊजी: जायचं विमान चुकलं म्हणून त्या तिकिटावरचं यायचंही रद्द. एक टप्पा गाळला की पुढचे सगळे जातात, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

७:२४ ताई: रद्द झाल्यावर सांगितलंत.

७:३० आई: जेवले असतील का दोघं

७:४१ अण्णा काका: निघण्यापूर्वी सर्वानुमते ठरले होते. कुठेही असलात तरी रोज एक शब्द टाकायचा, 'पोचलो'. फोटो नकोत, वर्णन नको.

८:०२ मी: विमानाचं बघितलं. वेळेत उतरलंय, आपल्या साडेसहाला. रारोटोंगा, पॅसिफिकमधल्या कूक आयलंड्सचं बेट. म्हणजे सुखरूप आहेत, फोन बंद असणार.

८:०३ ताई: हॉटेलला लाव फोन.

८:२० मी: लावला. रिसेप्शनवाली म्हणाली, ते पाहुणे उद्या यायचेत.

८:२० ताई: उद्या म्हणजे??? बुकिंग शनिवारचं आहे. पीडीएफ मी स्वतः बघितलीय.

८:२४ मी: थांबा थांबा. तिकडे आज शुक्रवार आहे.

८:२५ मावशी: शुक्रवार काल झाला की रे.

८:३१ मी: आपला झाला. ऑकलंडचाही झाला. पण मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. ती पूर्वेकडे जाताना ओलांडली की तोच वार पुन्हा भोगायचा. रारोटोंगा न्यूझीलंडच्या २२ तास मागे. हे ऑकलंडच्या शनिवारी सकाळी ९ ला निघाले आणि रारोटोंगाच्या शुक्रवारी दुपारी ३ ला उतरले.

८:३२ भाऊजी: आणि खोली शनिवारपासून. म्हणजे आजची रात्र रस्त्यावर.

८:३३ ताई: धन्य आहे.

८:४५ अण्णा काका: हे नवीन नाही. मॅगेलनच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेतले व्हिक्टोरिया जहाज जुलै १५२२ मध्ये परतताना केप व्हर्डी बेटांना लागले. जहाजावरच्या नोंदीत बुधवार, किनाऱ्यावर गुरुवार. जहाजावरच्या पिगाफेट्टा नावाच्या प्रवाशाने रोजनिशीत एक दिवस गाळला नव्हता, तरी फरक आला. ते पश्चिमेकडे जात पृथ्वी फिरून आले म्हणून त्यांचा दिवस गेला. आपल्या चिरंजीवांना एक दिवस जास्तीचा मिळाला आहे, त्याचे त्यांनी काय केले ते कळवावे.

८:४८ भाऊजी: सामोआने तर २०११ मध्ये ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच कॅलेंडरमधून उडवला होता. २९ नंतर थेट ३१. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार, आणि वार जुळेना, म्हणून रेषेच्या या बाजूला आले.

८:५० मावशी: आणि ज्याचा वाढदिवस ३० ला, त्याने काय करायचं?

८:५१ भाऊजी: ते मला कसं माहीत असणार.

८:५३ मावशी: बरं मग तिकडे अजून शुक्रवारच ना? दादा-वहिनी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा 💐

८:५४ ताई: आम्ही सगळ्यांनी काल दिल्या, मावशी.

८:५५ मावशी: मी पण वेळेतच दिल्यात. त्याला विचार, वाररेषेवाल्याला.

९:१० अण्णा काका: निघण्यापूर्वी सर्वानुमते ठरले होते. कुठेही असलात तरी रोज एक शब्द टाकायचा, 'पोचलो'. फोटो नकोत, वर्णन नको.

९:४० दादा: अरे आहोत आहोत! इथे शुक्रवार, संध्याकाळचे सहा दहा. दोघांचे फोन मेले होते. हॉटेलच्या रिसेप्शनवर चार्जिंगला लावून लिहितोय.

९:४१ ताई: आणि ती पॉवर बँक? निघताना एवढी कौतुकाने दाखवत होतास.

९:४३ दादा: ती गेली. चेक-इनच्या बॅगेत राहिली होती. ऑकलंडला माइकवरून नावाचा पुकारा झाला, बॅग उघडायला लावली, काढून घेतली.

९:४४ मी: अरे ती वीस हजार एमएएचवाली ना? ७४ वॅट-तासांची. शंभरपर्यंत चालते, पण फक्त हातातल्या सामानात. लिथियमने पेट घेतला तर वर केबिनमध्ये विझवता येतो, खाली सामानात कोण बघणार?

९:४५ वहिनी: हेच मी बॅग भरताना म्हणाले होते. शब्द जरा कमी होते एवढंच.

९:४६ दादा: तू 'बघ बाबा तुझं तू' म्हणालीस.

९:४६ वहिनी: त्याच्या आधी.

९:४८ मावशी: शेजारी शेजारी बसून ग्रुपवर भांडताय होय रे 😂

९:४९ वहिनी: शेजारी नाही. मी बाहेर बाकावर आहे.

९:५४ दादा: इमिग्रेशनला विचारलं, आज रात्री कुठे राहणार? मी ऐटीत बुकिंगचा कागद दिला. त्या माणसाने कागद माझ्याकडे फिरवला, तारखेवर बोट ठेवलं आणि नुसता बघत राहिला. मी पण बघत राहिलो. मग म्हणाला, तुम्ही पहिले नाही.

९:५५ भाऊजी: मग सोडलं?

९:५७ दादा: सोडलं. पुढे बस. बेटाला फेरी मारणारा एकच गोल रस्ता, ३२ किलोमीटर. बसच्या कपाळावर गावाचं नाव नाही, नुसतं 'क्लॉकवाइज'. दुसरीवर 'अँटी-क्लॉकवाइज'.

९:५८ वहिनी: हॉटेल डाव्या हाताला दहा मिनिटांवर. हा म्हणाला, उजवीकडे जाणारी आधी आलीय, चल बस. दोन बॅगा मांडीवर घेऊन पाऊण तास बेट बघितलं.

९:५९ मी: गोल रस्ता आहे, कुठूनही बसलात तरी पोचणारच होतात.

१०:०० वहिनी: पंचवीस वर्षं हेच ऐकतेय.

१०:०२ दादा: सुट्ट्या पैशांत दोन डॉलरचं तिकोनी नाणं आलं. खरंच तिकोनी. अण्णांच्या संग्रहासाठी ठेवलंय.

१०:०३ वहिनी: ते माझ्याकडे आहे. मघापासून तेच बोटांत फिरवत बसलेय. दुसरं काय करणार?

१०:०५ ताई: आणि त्या सफरचंदाचं काय झालं होतं? परवापासून नुसतं 'नंतर सांगतो' चाललंय.

१०:०६ दादा: नंतर सांगतो.

१०:१० वहिनी: मी सांगते. विमानात मिळालेलं सफरचंद. मी म्हटलं टाकून देऊ. हा म्हणाला ठेव, उपयोगी पडेल. ठेवलं माझ्या पर्समध्ये. ऑकलंडला फॉर्मवर 'खाण्याचे पदार्थ नाहीत' ही खूण कोणी केली, ते मी लिहीत नाही. सामानाच्या पट्ट्यापाशी एक छोटं कुत्रं आलं, पर्स हुंगली आणि माझ्या पायाशी शहाण्यासारखं बसलं. मला वाटलं आवडले मी त्याला. ४०० न्यूझीलंड डॉलर दंड, जागेवर.

१०:११ भाऊजी: 'आहे' असं लिहून कचऱ्यात टाकलं असतंत तर एक पैसा गेला नसता. फळमाशीला घाबरतात ते.

१०:१२ दादा: आणि घासभरही खाल्लं नव्हतं.

१०:१३ मावशी: मी वाईट हसतेय 😂😂 पण त्या दोघांपेक्षा बरे तुम्ही. २००२ मध्ये ते ब्रिटिश जोडपं ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला निघालं आणि कॅनडातल्या सिडनीला उतरलं. खरं आहे, पेपरात आलं होतं.

१०:१४ वहिनी: मावशी, याला कल्पना देऊ नका.

१०:२० ताई: झालं हसून? मंगळवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. लक्षात आहे ना?

१०:२१ दादा: आहे ग. मंगळवार तुमचा की आमचा? 😄

१०:२६ ताई: आमचाच असतो, दादा. नेहमी.

१०:३१ भाऊजी: हे आपण फोनवर बोलू या का?

१०:३२ अण्णा काका: निघण्यापूर्वी सर्वानुमते ठरले होते. कुठेही असलात तरी रोज एक शब्द टाकायचा, 'पोचलो'. फोटो नकोत, वर्णन नको.

१०:३३ ताई: अण्णा, पोचलेत ते. कळलंय आता सगळ्यांना.

१०:३४ अण्णा काका: शब्द आलेला नाही. 'आहोत आहोत' आले आहे.

१०:३६ आई: मला काही होत नाही एकाच डोळ्याचं आहे दुसऱ्याने दिसतंय. भांडू नका. खोली मिळाली का

१०:३८ दादा: ताई, सॉरी. नको होतं बोलायला.

१०:४० वहिनी: ताई, मी रात्री करते फोन. म्हणजे तुमच्या रात्री. नाही, थांबा, आधी वेळ बघते आणि मग करते.

१०:४१ ताई: हं.

१०:४४ ताई: सकाळी नऊच्या आधी कर. नंतर आईला डोळ्यात थेंब घालायचे असतात.

१०:५२ दादा: खोलीचं जमतंय बहुतेक. इथे सगळं भरलेलं आहे, पण रिसेप्शनवालीच्या मावशीच्या गेस्ट हाउसमध्ये एक रिकामी आहे. तिची ड्यूटी संपली की सोडते म्हणाली.

१०:५३ मावशी: बघा, शेवटी मावशीच उपयोगी पडते 😌

१०:५५ भाऊजी: पुढे बोलिव्हियातलं ला पाझ ना? तिथला विमानतळ ४००० मीटरच्या वर आहे. पहिल्या दिवशी बॅगा उचलून जिने चढू नका, सावकाश चाला, पाणी प्या. डोकं दुखायला लागलं तर हिंडायचं नाही. आणि त्या हॉटेलची तारीख आत्ताच तपासा.

१०:५६ दादा: तपासतो.

१०:५६ वहिनी: बरोबर आहे. ते मी केलंय.

११:०८ आई: जेवलात का

११:३५ दादा: पोचलो.

११:३६ अण्णा काका: कुठे?