मदत हवी आहे: भूकंपाच्या धक्क्यानंतर बोअरला गढूळ पाणी

मंडळी, शेत शाहूवाडीत, बोअर २८० फूट, खाली सगळा काळा पाषाण. मागच्या आठवड्यात पहाटे हलका धक्का बसला, भांडी वाजली एवढंच, पण सकाळी मोटर चालू केली तर पाणी लालसर आणि बादलीच्या तळाला बोटभर गाळ, शेजारची विहीर मात्र निवळ. दोन दिवस सलग उपसा केला, पंप २० फूट वर घेतला, फरक थोडाच. पाऊस नाही, जवळ नवीन बोअरही नाही. धक्क्यानं कातळाच्या भेगांतला गाळ सुटतो, २००१ ला भूजच्या वेळी कच्छात जमिनीतून पाणी वर आलेलं, एवढं माहितीय. प्यायलाही हेच पाणी, घरात लहान पोरं हायत, म्हणून काळजी लागलीय. कुणाला अनुभव असेल तर सांगा, गाळ आपोआप बसतो का, का आत्ताच कॉम्प्रेसरनं बोअर फ्लश करून, म्हणजे जोराची हवा सोडून आतला गाळ बाहेर काढून घ्यावी?