मदत हवी आहे: सुक्या पाल्याच्या शेल्टरला ताडपत्री आतून लावू की बाहेरून?

मंडळी, कडक थंडीत उघड्यावर अडकलो तर हाताशी मिळेल त्या सामानातून शेल्टर करून रात्र काढता यावी म्हणून आम्ही तिघं मित्र सराव करतोय, एका ठिकाणी गाडी अडलीये.

सांगाडा नीट जमतो. एक लांब फांदी आडवी, तिचं एक टोक जमिनीवर, दुसरं कमरेएवढं उंच, दोन्ही बाजूंनी काटक्या तिरक्या टेकवायच्या आणि वर सुका पाला, तोही 2-3 फूट जाड तरी हवाच, कारण ऊब धरून ठेवते ती पाल्यात अडकलेली हवा. पाला भिजला की त्या हवेच्या जागी पाणी येतं आणि पाणी उष्णता हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने ओढून नेतं, म्हणून सगळा जीव पाला कोरडा राहण्यात आहे.

तर ताडपत्री बाहेरून टाकली की पाऊस, बर्फ अडतो पण आपल्याच श्वासाची वाफ पाल्यात साचून राहते आणि सकाळी हात घातला तर आतून ओल लागते. आतून लावली तर पाला कोरडा, पण प्लास्टिकवर थेंब जमून स्लीपिंग बॅगवर टपकत राहतात, तेही तितकंच वाईट. चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेटही आहे पण ते कशाला चिकटून राहिलं तर उष्णता परत फेकत नाही, मध्ये हवेची फट लागते, मग ते नक्की कुठे लावू?

दुसरं, जमिनीचं. अंगाखालचा पाला दबून पार चपटा होतो, झोपल्यावरही 4-6 इंच उरला पाहिजे. आमच्याकडे पुठ्ठे आहेत, ते पाल्याखाली घालू का वर? खाली घातले तर जमिनीची ओल पितील अशी भीती वाटते.

एक मित्र म्हणतो सगळी भोकं बुजव आणि आत मेणबत्ती लाव. याला माझा साफ नकार आहे, सुक्या पाल्यात ज्योत नको, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळणारही नाही. मुठीएवढं भोक वर उघडंच ठेवणार, शेल्टरच्या तोंडाशी मात्र पाला भरलेलं पोतं लावतो.

ज्यांनी दमट थंडीत खरोखर अशी रात्र काढलीये त्यांनी प्लीज सांगा, ताडपत्री आत की बाहेर, आणि बाहेर असेल तर पाल्यापासून किती वर ताणायची?