मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या ट्रॅकरसाठी व्होल्टेज रेग्युलेटरची रचना कशी करावी?

प्रश्न

वडिलांच्या छोट्या मोटारीसाठी मी ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर (छोटा नियंत्रक संगणक) आणि सिम८००एल हे जीएसएम मॉड्यूल (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणारे) वापरून गाडीचे स्थान कळवणारा ट्रॅकर तयार करत आहे. ७८०५ हा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) वापरून ५ व्होल्ट काढले आहेत. घरी १२ व्होल्टच्या पुरवठ्यावर सर्व काही सुरळीत चालते. परंतु गाडीत जोडल्यावर स्टार्टर फिरवताच ईएसपी३२ रीसेट होतो, आणि इंजिन चालू असताना ७८०५ इतका तापतो की थोड्या वेळाने स्वतःच बंद पडतो. मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) लावून भागेल, की रचनाच बदलावी? गाडी कधी कधी महिनाभर उभी असते आणि तिची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची आहे.

उत्तर १

हीटसिंकने यातला एकच प्रश्न सुटेल. इंजिन चालू असताना अल्टरनेटर (इंजिनवर फिरणारे वीजजनित्र) बॅटरीला साधारण १४.४ व्होल्ट देतो. तुमचे मंडल सरासरी अर्धा अँपिअर घेत असेल, तर ७८०५ मध्ये (१४.४ − ५) × ०.५ म्हणजे ४.७ वॅट केवळ उष्णतेत जातात. हीटसिंक नसताना दर वॅटमागे आतले तापमान सुमारे ६५ अंशांनी चढते, त्यामुळे तो बंद पडणे अटळ आहे. स्टार्टर फिरताना नेमके उलटे घडते: बॅटरीचा दाब (व्होल्टेज) क्षणभर ६-७ व्होल्टपर्यंत उतरतो आणि ७८०५ ला ५ व्होल्ट टिकवण्यासाठी किमान ७ व्होल्ट लागतात.

बाजारात सहज मिळणारे एलएम२५९६ चे बक मॉड्यूल (फारशी उष्णता न करता दाब कमी करणारे) घ्यावे, आणि ते ५ ऐवजी ४ व्होल्टवर लावावे. सिम८००एल ३.४ ते ४.४ व्होल्टवर चालते, म्हणजे त्याला हा दाब थेट देता येतो, आणि स्टार्टरच्या वेळी जवळजवळ दीड व्होल्टची जास्त मोकळीक मिळते. सिम८००एल प्रक्षेपण करताना २ अँपिअरचे झटके घेते, म्हणून त्याच्या अगदी जवळ १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर हवाच.

उत्तर २

४ व्होल्टची सूचना उत्तम आहे, मात्र एलएम२५९६ गाडीत थेट जोडण्याला माझा विरोध आहे. त्याची मर्यादा ४० व्होल्टची. चार्जिंग चालू असताना बॅटरीचे टर्मिनल सैल होऊन सुटले, तर अल्टरनेटरचा प्रवाह एकाएकी थांबू शकत नाही, आणि संरक्षण नसलेल्या अल्टरनेटरमधून तारांवर १०० व्होल्टच्या आसपास उसळी येऊ शकते. ती सुमारे ४०० मिलिसेकंदांपर्यंत टिकते, आणि हा काळ इलेक्ट्रॉनिक भागांच्या दृष्टीने फार मोठा आहे. म्हणून रेग्युलेटर निवडण्याआधी त्याच्या पुढ्यातले संरक्षण ठरवावे.

बॅटरीच्या टर्मिनलजवळ फ्यूज, त्यानंतर तारेपासून ग्राउंडपर्यंत एसएम८एस२४ए हा टीव्हीएस डायोड (दाबाची उसळी रोखणारा), मग ओळीत ६० व्होल्टचा शॉट्की डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा), असा क्रम ठेवा. लहान एसएमबीजे मालिकेतला टीव्हीएस स्वस्त असतो, पण त्याची क्षमता ६०० वॅटची आणि तीही एक मिलिसेकंदाच्या स्पंदासाठी असते. या उसळीची ऊर्जा तो पचवू शकणार नाही. २४ व्होल्टचा प्रकार अशासाठी, की कोणी ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून गाडी सुरू केली तरी तो विनाकारण वाहू लागत नाही. उसळी तो ३९ व्होल्टच्या आसपास रोखतो, म्हणजे एलएम२५९६ च्या अगदी उंबरठ्यावर. म्हणून ६० व्होल्ट सोसणारा एलएम२५७६एचव्ही मला योग्य वाटतो. त्याची कॉइल आकाराने मोठी लागते, परंतु ट्रॅकरच्या डबीत तेवढी जागा निघेल.

उलट जोडणीपासून बचाव करण्यासाठी अनेक जण पी-चॅनेल मॉस्फेट (स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) सुचवतात. इथे मात्र शॉट्कीच बरा, कारण साधा मॉस्फेट उलट प्रवाह अडवत नाही, आणि स्टार्टर फिरताना पुढच्या कॅपॅसिटरमधला साठा बॅटरीकडे परत निघून जातो.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांच्या उत्तरांतून पुष्कळ शिकायला मिळाले. गाडी उभी असतानाही दर काही तासांनी स्थान कळावे अशी माझी इच्छा आहे. अशा वेळी बॅटरी उतरणार नाही ना?

उत्तर २

एलएम२५७६एचव्ही सतत चालू ठेवला, तर तो स्वतःच ५ मिलिअँपिअर घेतो, म्हणजे महिन्याला ३.६ अँपिअर-तास, तुमच्या बॅटरीचा दहावा हिस्सा. गाडीची स्वतःची गळती वेगळीच. म्हणून पुरवठे दोन करावेत. ईएसपी३२ साठी एलएम५१६५ हा छोटा बक कायम चालू राहील. तो ३ ते ६५ व्होल्टवर चालतो आणि स्वतःसाठी जेमतेम १० मायक्रोअँपिअर घेतो. त्याची क्षमता १५० मिलिअँपिअरच आहे, त्यामुळे ईएसपी३२ चे वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावे लागतील. स्टार्टरमुळे होणारा रीसेटही यामुळे थांबावा.

मोठा बक, म्हणजे एलएम२५७६एचव्ही, फक्त संदेश पाठवताना ईएसपी३२ ने चालू करावा. त्याची चालू-बंद करणारी पिन ग्राउंडला असताना तो चालू होतो, म्हणून ती रोधकाने ३.३ व्होल्टला ओढून ठेवा. नाहीतर ईएसपी३२ झोपेत असताना पिन अधांतरी राहून बक आपोआप चालू होईल. विकसन (डेव्हलपमेंट) बोर्डावरचा दिवा आणि यूएसबी चिप काही मिलिअँपिअर खात राहतात, त्यामुळे ईएसपी३२ चे सुटे मॉड्यूलच वापरावे.

बॅटरीचा दाब १ मेगाओहम आणि १०० किलोओहमच्या विभाजकातून (दाब ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या दोन रोधकांच्या जोडीतून) मोजावा, खालच्या रोधकाला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर जोडून. उभ्या गाडीत तो १२.२ व्होल्टच्या खाली गेला, की एक शेवटचा संदेश पाठवून जीएसएम पूर्ण बंद ठेवावे, आणि दाब १३ व्होल्टच्या वर गेल्यावरच, म्हणजे इंजिन चालू झाल्यावर, पुन्हा सुरू करावे.