अनुभव धागा : मॉरिशसला जाऊन आलात? पॅकेजबाहेरचं सांगा

दिवाळीनंतर मॉरिशसचा बेत आहे. सोबत सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे आणि नववीतला मुलगा. ट्रॅव्हलवाल्यांकडून आलेले सगळे कार्यक्रम एकाच साच्यातले : एक दिवस उत्तर, एक दिवस दक्षिण, एक दिवस इल ओ सर्फचं छोटं बेट, बाकी रिसॉर्टमध्ये पडून राहा.

प्राथमिक माहिती गोळा केली आहे. मुंबईहून थेट विमान, साधारण सहा तास. आगाऊ व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. बेट जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून थोडं मोठं. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात.

त्यापुढचं तुम्ही सांगा. आमच्यात पोहता कोणालाच येत नाही, आणि सासूबाईंना अंडंसुद्धा चालत नाही.

भटक्या ठाणेकर :
पोहता येत नसलं तरी काही अडत नाही. बेटाच्या बऱ्याचशा भागाला प्रवाळाचं कडं आहे. लाटा तिथेच फुटतात आणि आत कंबरभर, नितळ पाणी उरतं. ब्लू बेला काचेच्या तळाची होडी घ्या, आजी-आजोबांनाही बसल्या जागी प्रवाळ दिसेल. पाण्यात उतरणाऱ्यांनी रबरी बूट घालायचेच. सी अर्चिन या काटेरी समुद्री जिवाचा काटा घुसला की सहलीचा विचका.

दक्षिणेला सुइयाकजवळ ग्रिग्री म्हणून किनारा आहे. तिथे हे कडं नाही, समुद्र थेट खडकावर येऊन आदळतो. बघायला भारी आहे, पण वरूनच बघा.

आणखी एक. रीलमध्ये जो ‘समुद्राखालचा धबधबा’ दिसतो तो ल मॉर्नच्या टोकाजवळ आहे आणि फक्त आकाशातून दिसतो. वाळू नि गाळ उतारावरून खोल पाण्याकडे सरकतो, त्याचा तो भास. आम्हाला एका होडीवाल्याने ‘चला, दाखवतो’ म्हणून गळ घातली होती. होडीतून काही दिसत नाही, पैसे वाचवा.

हिरवा चाफा :
सासूबाईंची काळजी सोडा. रस्त्यावर डोल पुरी खायला घाला. चण्याच्या डाळीचं सारण भरलेली पातळ, मऊ पोळी; पुरणपोळीची गूळ न घातलेली बहीणच. दोन पोळ्यांची जोडी मिळते. त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रस्सा, हिरव्या मिरचीचा ठेचा घालून कागदात गुंडाळून हातात देतात. ठेचा वेगळा मागा, जहाल असतो. सकाळी ‘गातो पिमाँ’, म्हणजे डाळीचे छोटे वडे, पावात घालून खातात. राजधानी पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटमध्ये सब्जा घातलेलं थंडगार दूध मिळतं, अलुदा. उन्हात फिरून आल्यावर दुसरं काही नको वाटतं.

हॉटेलात मात्र ‘व्हेज’ म्हटल्यावर मासा वाढल्याचा अनुभव आम्ही घेतलाय. ‘सां व्यांद, सां प्वासों’ (मांस नको, मासा नको) पाठ करून जा.

सावंतवाडीचा मास्तर :
निळं पाणी सगळे दाखवतील. मी तुम्हाला सोळा पायऱ्या दाखवतो.

पोर्ट लुईच्या बंदरावर आप्रवासी घाट आहे, बाहेरून आणलेल्या मजुरांना उतरवून घेण्याची जुनी जागा. 1834 मध्ये ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 मजूर इथे आले. गुलामगिरी बंद होत होती आणि ब्रिटिशांच्या ऊसमळ्यांना हात हवे होते. पुढे 1920च्या दशकापर्यंत जवळजवळ पाच लाख माणसं करारावर या बेटावर उतरली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशातली, तमिळ आणि तेलुगूही बरीच, आणि मुंबई बंदरातून निघालेली आपली कोकणातली. 2006 पासून घाट जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मूळ वास्तूचा थोडाच भाग उरलाय. काळ्या दगडाच्या त्या सोळा पायऱ्या, न्हाणीघरं, एक दवाखान्याचा भाग. पॅकेजवाली बस इथे वीस मिनिटं थांबते आणि पुढे शॉपिंगला तासभर. मला याचा राग येतो.

बाहेर पडल्यावर उसाच्या शेतांत नीट बघा. मधेच काळ्या दगडांचे चौथऱ्यासारखे उंच ढीग दिसतील. ज्वालामुखीची जमीन, नांगर चालेना, म्हणून गुलामांनी आणि मग मजुरांनी हातांनी एकेक दगड उचलून रचलेले. गाइडला विचारलं तर म्हणाला, ‘ते होय? शेतातले दगड.’ बस्स, एवढंच.

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. नाव, बापाचं नाव, गाव, जहाज, पुढच्या काळातल्या कित्येकांचे फोटोही. तिथली कुटुंबं त्यावरून आपलं मूळ गाव शोधतात. माझी ओळख झालेल्या एका गृहस्थांकडे अशी नक्कल होती. जिल्हा रत्नागिरी स्पष्ट वाचता येत होतं, गावाचं नाव साहेबाने असं काही लिहिलेलं की आम्ही दोघं डोकं खाजवत बसलो.

गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुटी असते. जमलं तर कधी तेव्हा जा. तिथल्या मराठी घरांत एरवी सगळे क्रिओल ही फ्रेंचवरून आलेली भाषा बोलतात, मराठी येते ती शाळेत शिकलेली. पण आरती सुरू झाली की चार वर्षांच्या पोरापासून आजीपर्यंत सगळे खणखणीत. जाखडी नाचही त्यांनी टिकवलाय. 2023 मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांचा पुतळा बसला, त्याचे फोटो मला त्याच गृहस्थांनी पाठवले.

एबेनवाली :
नोकरीनिमित्त इथे मॉरिशसमध्येच राहते, म्हणून थोडं रोजचं सांगते.

दिवाळीनंतर म्हणजे इथला उन्हाळा. गुलमोहर लालभडक, लिचीचे घोस विकायला रस्त्याकडेला. वेळ छान आहे. वादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल धरतात, जोर जानेवारी-फेब्रुवारीत. इशारे एक ते चार श्रेणींत देतात. तीन लागला की घराबाहेर पडायचं नाही. जानेवारी 2024 मध्ये बेलाल वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहत गेल्या. तुमच्या वेळी असं काही होण्याची शक्यता कमी, तरी हवामान खात्याच्या सूचना बघत राहा.

दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, गावाकडच्या बसही. पोर्ट लुई ते क्युरपीप मेट्रो आहे, भारताच्या मदतीने झालेली, स्वच्छ आणि स्वस्त. मुलाला घेऊन एक फेरी माराच. इथला रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांना पडतो, त्यामुळे पाटीवरचा आकडा बघून हुरळू नका.

सासूबाईंची सून :
गंगा तलावाला माझ्या सासूबाईंनी हात जोडले ते खाली घेईचनात. डोंगरातलं ज्वालामुखीच्या मुखातलं तळं, काठाला देवळं, वाटेवर 33 मीटर उंचीची शंकराची मूर्ती. महाशिवरात्रीला बेटभरातून लाखो माणसं कावड घेऊन चालत येतात. वर गारवा असतो, धुकं उतरतं. ज्येष्ठांसाठी स्वेटर घ्या. प्रसादाची पिशवी घट्ट धरा, माकडं आहेत.

शामारेलची सात रंगांची माती मात्र मला बेताचीच वाटली. कठड्यामागून बघायचा एवढासा तुकडा. ऊन चांगलं असेल तर रंग दिसतात, ढग आले की सगळी तांबूस-तपकिरी. शेजारची मोठी कासवं आमच्या मुलांना जास्त आवडली.

भटक्या ठाणेकर :
नववीतल्या मुलासाठी राहिलंच. माएबूरहून होडीने इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर न्या. डोडो माणसाने संपवला हे पुस्तकात असतं; उरलेलं जंगल कसं वाचवतात ते इथे दिसतं. गुलाबी कबुतर, मोकळी फिरणारी कासवं. मॉरिशसचा ससाणा 1974 मध्ये रानात फक्त चार उरला होता, तिथून परत आणलाय. याच किनाऱ्यावर 2020 मध्ये ‘वाकाशियो’ जहाजातलं तेल सांडलं, तेव्हा लोकांनी उसाचं पाचट भरून बांध विणले आणि समुद्रात सोडले.

धागाकर्ती :
सगळ्यांचे खूप आभार. मास्तर, आप्रवासी घाट आणि गंगा तलाव एकाच दिवशी सासऱ्यांना झेपेल का?

सावंतवाडीचा मास्तर :
नको. घाट कामाच्या दिवशी सकाळीच करा, पोर्ट लुईत दुपारी फार उकडतं. तिथून सेंट्रल मार्केट चालण्याच्या अंतरावर आहे, चाफाताईंचा अलुदा तिथेच प्या. गंगा तलाव आणि शामारेल एका बाजूला आहेत, ते दुसऱ्या दिवशी गाडी करून. आणि ड्रायव्हरला आधीच बजावा, वाटेत जहाजांच्या प्रतिकृतींच्या दुकानात थांबायचं नाही म्हणून.