हलमा फुकट होतो, मग बांधाला पैसे कशाला?

रामबागकर:
परवा मध्य प्रदेशातल्याच झाबुआला जाऊन आलो. हाथीपावा टेकडीवरचे चर पाहिले. भिल्ल मंडळींनी हलम्यात, म्हणजे हाकेसरशी जमून, एक पैसा न घेता खणलेले. आणि आमच्या इंदूरच्या कट्ट्यावर काय, तर डोंगरातल्या शेतकऱ्याला माती राखायला सरकारनं पैसे द्यावेत! अहो, शेत त्याचं, बांध त्याचा, टिकलेली ओलही त्याच्याच मक्याला. पैसा आला की हलमा संपला समजा.

छावनीवाला:
काका, हाथीपावा कुणा एकाचं शेत नाही. आणि हलमा फुकट नसतो. आज तुमच्या हाकेला आलेल्याकडे उद्या तुम्हाला जावं लागतं.
बाकी हिशेब बघा. बांध घालायचे दिवस भगोरियापासून, म्हणजे भिल्लांच्या होळीच्या मेळ्यापासून, मृगापर्यंतचे. नेमका तेव्हाच डोंगरातला शेतकरी बायकोमुलांसकट गुजरातेत बांधकामावर असतो. रोजगार हमीचा आपल्याकडचा दर 2025-26 मध्ये 261 रुपये होता. बडोद्यात त्याहून जास्त मिळतात, तेही हातात रोख. बांधाखाली जमीन जाते ती वेगळीच. वरची माती हलली की पहिलं पीक हटकून कमी येतं. फायदा दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, पण उधारी सोयाबीन मंडीत आलं की लगेच फेडायची. तीन बिघेवाल्यानं मधली वर्षं काढायची कशी?

रामबागकर:
बँका कशाला आहेत?

छावनीवाला:
वनहक्काचा पट्टा, म्हणजे कसत्या वनजमिनीवरचा हक्क, 2006 च्या कायद्यानं वारसाला मिळतो, पण विकता येत नाही. असं तारण तुम्ही तरी घ्याल का?

लोकमान्यनगरची सून:
मी काकांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. माझ्या माहेरी पैसे थेट बांधाला आले आणि बांध ठेकेदाराचा झाला. पहिल्याच झडीत पाळ फुटली, बिल मात्र आधीच निघालं होतं. शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबानं 1924 ते 1931 इथंच इंदुरात राहून कंपोस्टची पद्धत बसवली, जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. सामान काय, तर शेण नि पालापाचोळा. तसं काही करा ना!

छावनीवाला:
वहिनी, ढीग उलटायलाही माणूस लागतो, आणि तो तर बडोद्यात विटा वाहतोय. ठेकेदाराचं मात्र शंभर टक्के खरं. म्हणून पैसे बांधाला नकोत, माणसाला द्या. दोन पावसाळे पाळ टिकली की मगच दुसरा हप्ता.

मकरपुऱ्याची ताई:
बडोद्याहून लिहितेय. झाबुआची अनास नदी माहीला मिळते, पुढे कडाणा धरण, आणि माहीच्या पात्रातल्या फ्रेंच विहिरींचं, म्हणजे वाळूतून झिरपून आलेलं, पाणी आमच्या शहराला. वरची माती वाहिली की धरणात गाळ. काका, ‘फायदा त्याचा’ म्हणालात, त्यातला थोडा आमच्या नळाला येतो की! त्याबद्दल आम्ही डोंगराला छदाम देत नाही.

रामबागकर:
मग बडोद्यानं द्यावेत. मध्य प्रदेशाची तिजोरी कशाला?

मकरपुऱ्याची ताई:
द्यावेतच. पाणीपट्टीतून घ्या, मी भरीन. शेजारणींचं विचारू नका.

छावनीवाला:
आणि काका, आपल्या इंदूरच्या नळाची नर्मदा नदीकाठच्या जलूदहून पंपानं वर चढते, त्या विजेचं बिल कोण भरतं? तिथं आपण कधी म्हणालो का, की ज्याची तहान त्यानं घागर आणावी?