उत्क्रांतीचं युनिट ऑप्शनला टाकू का?

पाठांतरवीर:
बीएस्सी, दुसरं वर्ष. शरीरक्रियाशास्त्र, जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, वर्गीकरण. चार विषय, चार वह्या, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. उत्क्रांती अगदी शेवटच्या युनिटात, तीही ‘वेळ उरला तर’. डार्विन आणि फिंच शाळेतच झालेत. टाकलं ऑप्शनला तर काय बिघडेल?

कल्लेदार:
परीक्षेत काही बिघडत नाही. मीही टाकलं होतं, पास झालो.

पुढे प्रात्यक्षिकं घ्यायला लागलो. एकदा मानेचं डिसेक्शन चालू होतं. स्वरयंत्राची डावी नर्व्ह चिमट्यात धरून मी दाखवत होतो: मेंदूकडून येते, स्वरयंत्राच्या बाजूने खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि परत वर गळ्यात. एका मुलीने विचारलं, “एवढा हेलपाटा कशाला?” मी म्हणालो, “असंच असतं, लिहून घे.” अजून लाज वाटते त्या उत्तराची.

माशात हीच शाखा कल्ल्याच्या रक्तवाहिनीमागून सरळ कल्ल्याकडे जाते. तिथे हेलपाटा नाहीच. पुढच्या प्राण्यांत मान आली, हृदय छातीत गेलं आणि वाहिनीमागे अडकलेली नर्व्ह तिच्याबरोबर खाली ओढली गेली. सोडवून नव्याने जोडायची सोय नव्हती. जिराफात तर वीतभराच्या कामासाठी काही मीटरचा फेरा!

वह्यांचं म्हणशील तर सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनातलं प्रथिन बघ. १०४ अमिनो आम्लं. माणूस आणि चिंपांझीत एकही फरक नाही, घोड्यात १२ ठिकाणी. जैवरसायनाच्या वहीतला हा तक्ता वर्गीकरणाच्या वहीतल्या नात्यांच्या झाडाशेजारी ठेव, जुळतात का बघ.

पेट्रीडिश:
सूक्ष्मजीवशास्त्र राहिलं की! क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक बॅक्टेरियाचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी यंत्रं, बंद पाडतं. मग आपल्या अस्थिमज्जेला त्रास का? कारण आपल्या पेशींना ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया मूळचे बॅक्टेरियाच, त्यांचे रायबोसोम अजून त्याच घराण्यातले.

पाठांतरवीर:
वही काढली. क जीवनसत्त्व उंदीर स्वतः बनवतो, आपल्यात त्याच्या शेवटच्या पायरीचं जनुक मोडकं पडून आहे. समासात मीच लिहून ठेवलंय, ‘विचारत नाहीत’. चिंपांझीतही मोडकंच आहे का?

कल्लेदार:
हो. गिनीपिगमध्येही मोडलंय, पण स्वतंत्रपणे, वेगळ्या तऱ्हेने. चिंपांझीशी जुळतं आणि गिनीपिगशी नाही, ते का? युनिट वाच आणि इथेच येऊन सांग.