मदत हवी आहे: हौदाचं लिटरचं गणित कोणी तपासून देईल का?

नमस्कार मंडळी, इंदूरला घर बांधतोय आणि नर्मदेचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं म्हणून हौद मोठा हवाय. ठेकेदाराने कोटेशनमध्ये नुसतं "३.६ सीयूएम" लिहिलंय, म्हणजे घनमीटरच ना? टँकरवाला लिटरमध्ये बोलतो आणि प्लंबर केएल (किलोलिटर) म्हणतो, घरच्यांचा पार गोंधळ उडालाय.

मी असं धरलंय की १ घनमीटर = १ केएल = १००० लिटर. आतलं माप लांबी २ मीटर, रुंदी दीड, खोली १.२, गुणाकार केला तर ३.६ घनमीटर, म्हणजे ३६०० लिटर. पण ओव्हरफ्लोचा पाइप वरून १५ सेंटिमीटर खाली येणार, तिथेच ४५० लिटर गेले, खरं पाणी उरलं ३१५०! मग कोटेशनमध्ये काठोकाठ भरलेलं माप धरतात की पाइपापर्यंतचं? आणि प्लास्टर माप घेतल्यावर केलं तर अजून किती कमी होईल?

सिव्हिलवाल्यांनी प्लीज सांगा, स्लॅब पडायच्या आत खोली वाढवून घ्यायची आहे, घरात सहा माणसं आहेत आणि आईला पाणी कमी पडायची फार काळजी असते.